राज्य सरकारची बांधकाम कामे: टेंडर शोधण्यापासून अनामत परत मिळेपर्यंतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे महाराष्ट्रातल्या कामांपुरती, त्यातही मुख्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारती आणि रस्त्यांच्या कामांसाठी आहेत. अटी निविदेगणिक बदलतात. इथले उत्तर आणि तुमच्या हातातली निविदा यांत फरक पडला तर निविदेतले कलम खरे धरायचे.

सरकारी कामे नक्की कोण काढतं?

नवीन माणूस फक्त 'पीडब्ल्यूडी' शोधतो आणि अर्धी कामे त्याच्या नजरेतून सुटतात. सार्वजनिक बांधकाम विभागाखेरीज जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, जलसंपदा विभाग आणि त्याची पाच खोरे महामंडळे (कृष्णा खोरे, कोकण, तापी, विदर्भ, गोदावरी मराठवाडा), महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, म्हाडा, सिडको, एमआयडीसी, रस्ते विकास महामंडळ आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजना ही सगळी स्वतंत्रपणे निविदा काढतात. आश्रमशाळा, वसतिगृहे, आरोग्य केंद्रे यांचा पैसा आदिवासी विकास, समाजकल्याण किंवा आरोग्य खात्याचा असतो, पण काम बरेचदा सार्वजनिक बांधकामच करून देतो.

तुमचा रोजचा संबंध येणार तो विभागीय कार्यालयाशी. करारावर सही कार्यकारी अभियंत्याची, साईटवर उपअभियंता आणि शाखा अभियंता, आणि बिल अडलं तर ते बहुधा विभागीय लेखापालाच्या टेबलावर असतं.

महाटेंडर्स (राज्याचं ई-निविदा पोर्टल) रोज उघडतो, पण काम दिसतं तेव्हा मुदत संपत आलेली असते. आधी कसं कळेल?

जाहिरात ही कामाची शेवटची पायरी. त्याआधी काम तीन टप्प्यांतून गेलेलं असतं: निधीची तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता. तिन्हींचा माग कागदावर असतो.

मार्चच्या अर्थसंकल्पात आणि अधिवेशनांतल्या पुरवणी मागण्यांत कामांची नावनिशीवार यादी येते. बांधकाम खात्यात तिला 'पांढरं पुस्तक' म्हणतात. तुमच्या तालुक्याची नावं त्यातून उतरवून घ्या. प्रशासकीय मान्यतेचे शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. जिल्हा वार्षिक योजनेतली कामे जिल्हा नियोजन समितीत ठरतात.

लेखाशीर्ष (खर्च कशाखाली पडतो त्याचा अर्थसंकल्पातला क्रमांक) ओळखता यायला हवं. ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांचा भांडवली खर्च, ३०५४ म्हणजे त्यांची देखभाल-दुरुस्ती, ४०५९ शासकीय इमारती, २०५९ त्यांची दुरुस्ती, आणि २५१५ म्हणजे गावातल्या मूलभूत सुविधा, ज्यात बहुतेक कामे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली असतात. काम घेण्याआधी शीर्ष पाहायचं कारण साधं आहे. बिलाचे पैसे त्याच शीर्षाखाली येणार. ५० लाखांच्या कामाला यंदा टोकन (नाममात्र) तरतूद असेल तर उरलेल्या पैशांची वाट पाहायची तुमची तयारी आहे का, हे टेंडर भरण्याआधी ठरवावं लागतं.

पोर्टलवर 'ॲक्टिव्ह टेंडर्स' पाहण्यापेक्षा संस्थेनुसार शोधा आणि विभागाच्या नावापर्यंत खाली जा. सोबत 'कॉरिजेंडम' हा भाग रोज बघा. मुदतवाढ, बदललेली परिमाणे, बदललेली पात्रता सगळं तिथेच येतं. शुद्धिपत्रक न पाहता भरलेलं टेंडर म्हणजे जुन्या पत्त्यावर टाकलेलं पत्र.

त्या विभागात दर कसे जातात हे कुठून कळतं?

त्याच पोर्टलवर, फुकट. 'टेंडर स्टेटस'मध्ये उघडलेल्या निविदांचे तपशील असतात: कोणी भरलं, कोण बाद झालं, कोणाचा दर किती. एका विभागाच्या मागच्या दोन वर्षांतल्या तुमच्या आकाराच्या २५-३० कामांचा तक्ता करा. कोणत्या तालुक्यात चार जण भरतात आणि कुठे बारा, डांबराच्या कामात किती टक्के बिलो (एस्टिमेटपेक्षा कमी) जातात आणि इमारतीच्या कामात किती, हे तासाभरात दिसतं. चहाच्या टपरीवर कळणाऱ्या दरापेक्षा हा तक्ता खरा.

कंत्राटदार म्हणून नोंदणी लागतेच का?

बहुतेक कामांना लागते. सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी वर्गवार असते आणि प्रत्येक वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा असते. अर्जासोबत बँकेचा ऐपत दाखला, केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची कागदपत्रे, तांत्रिक माणसांची माहिती, पॅन आणि जीएसटी लागतं. वर्गमर्यादा आणि शुल्क शासन निर्णयाने बदलतात, म्हणून चालू निर्णय काढूनच अर्ज करा.

स्थापत्य पदवी किंवा पदविका असेल आणि हाताशी अनुभव नसेल तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करा. लहान कामांचा ठरावीक वाटा बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्थांना काम वाटप समितीमार्फत मिळतो. त्यात पैसा फार नाही. पण तिथून मिळणारा काम पूर्णत्वाचा दाखला पुढच्या वर्गाची शिडी असतो, म्हणून अशा कामाचा दाखला लगेच मागून घ्या. अभियंत्याची बदली झाल्यावर तोच दाखला काढायला सहा महिने जातात.

डिजिटल सिग्नेचर कोणती घ्यायची?

वर्ग ३ ची, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली. वर्ग २ ची प्रमाणपत्रे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आहेत. सिग्नेचर फर्मच्या नावाने आणि अधिकृत व्यक्तीच्या नावाने हवी. भागीदारी असेल तर त्या भागीदाराला अधिकार देणारं पत्र लिफाफा १ मध्ये (कागदपत्रांचा, तांत्रिक लिफाफा; दर लिफाफा २ मध्ये) लागतं. मुदत संपण्याआधी महिनाभर नवीन काढून पोर्टलवर जोडून घ्या. डोंगल (सिग्नेचर साठवलेला यूएसबी) सायबर कॅफेवाल्याकडे ठेवून देण्याची सवय मोडा. त्या डोंगलने केलेली प्रत्येक सही कायद्याने तुमची आहे.

बी-१, बी-२ आणि सी म्हणजे काय?

बी-१ टक्केवारीचं टेंडर: सरकारने प्रत्येक बाबीचा दर आधीच लावलेला असतो, तुम्ही एकच आकडा टाकता, इतके टक्के कमी, जास्त किंवा बरोबर. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तुम्ही लिहिता. सी म्हणजे एकरकमी. राज्यात नवख्याच्या वाट्याला येणारी बहुसंख्य कामे बी-१ ची असतात, म्हणून पुढची उत्तरे त्याच हिशोबाने आहेत.

बी-१ मध्ये 'परिशिष्ट अ' म्हणजे खात्याकडून मिळणारं साहित्य आणि 'परिशिष्ट ब' म्हणजे बाबी, परिमाणे, दर. परिशिष्ट ब छापून, पेन हातात घेऊन वाचायचं असतं, मोबाईलवर नव्हे.

लिफाफा १ मध्येच बाद होतो. चूक नेमकी कुठे होते?

पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका अशा:

- सीएच्या उलाढाल प्रमाणपत्रावर यूडीआयएन (सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राचा स्वतंत्र क्रमांक) नाही, किंवा ताळेबंदातला आकडा आणि प्रमाणपत्रातला आकडा जुळत नाही.
- समान कामाचा दाखला खासगी बिल्डरचा जोडला. निविदेत शासकीय किंवा निमशासकीय कामच मागितलेलं असतं. खासगी चालत असेल तिथेही टीडीएसचा पुरावा लागतो.
- दाखल्यात काम पूर्ण झाल्याची तारीखच नाही. 'काम समाधानकारक केले' एवढंच. मागच्या पाच वर्षांतलं काम असल्याचं त्यावरून सिद्ध होत नाही.
- शपथपत्राचा मसुदा जुन्या निविदेतला. कामाचं नाव बदललं, निविदा क्रमांक तोच राहिला. स्टॅम्पच्या किमतीकडेही लक्ष द्या: ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात १०० रुपयांच्या जागी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक आला, तरी कितीतरी निविदांच्या नमुन्यात अजून जुना आकडा राहून गेलेला दिसतो. अशा वेळी कार्यालयाला लेखी विचारून घ्या.
- यंत्रसामग्री भाड्याची, पण करारात ती या कामासाठी आणि कामाच्या मुदतीपर्यंत उपलब्ध असल्याचं लिहिलेलं नाही.
- स्कॅन वाचता येत नाही. काळं-पांढरं, १०० डीपीआय पुरतं. रंगीत भारी स्कॅनमुळे फाइल फुगते आणि शेवटच्या तासात अपलोड अडकतं.

नोंदणी, पॅन, जीएसटी, ताळेबंद यांसारखी कायमची कागदपत्रे पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात आधीच चढवून ठेवता येतात. फक्त वैधता संपलेली प्रत निवडली जाऊ नये म्हणून फाइलच्या नावातच तारीख घाला.

बिड कपॅसिटी कशी काढतात?

बिड कपॅसिटी म्हणजे आणखी किती रकमेचं काम तुम्ही पेलू शकता. सर्वसाधारण सूत्र: अ × न × २ − ब.

'अ' म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षाची स्थापत्य कामांची रक्कम, आजच्या किमतीला आणलेली (वर्षाला १० टक्के वाढ धरतात). 'न' म्हणजे या कामाची मुदत, वर्षांत. 'ब' म्हणजे त्याच मुदतीत तुम्हाला करायची असलेली हातातली कामे.

समजा अ १.८ कोटी, मुदत १२ महिने, हातातलं काम २.१ कोटी. तर १.८ × १ × २ − २.१ = १.५ कोटी. निविदेची रक्कम १.६ कोटी असेल तर तुम्ही बाहेर.

इथे दोन विरुद्ध चुका होतात. काही जण 'ब' मध्ये सगळं शिल्लक काम लिहितात, ज्यातलं निम्मं या निविदेच्या मुदतीनंतर व्हायचं असतं, आणि स्वतःच स्वतःला अपात्र करतात. काही जण दुसऱ्या विभागातली कामे लपवतात. कार्यालये एकमेकांना पत्र पाठवून विचारतात. खोटी माहिती सापडली की ईएमडी (टेंडरसोबत भरलेली बयाणा रक्कम) जप्त होते आणि काळ्या यादीची नोटीस येते.

ईएमडी भरली, पैसे खात्यातून गेले, तरी पोर्टल 'पेंडिंग' दाखवतं. का?

एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरलीत म्हणून. चलन तयार होतं तेव्हा त्या निविदेसाठी आणि तुमच्यासाठी वेगळा खाते क्रमांक मिळतो. रक्कम पैशापर्यंत जुळायला हवी आणि चलन एकदाच वापरायचं. जुन्या चलनावरचा क्रमांक बँकेत सेव्ह करून पुढच्या कामाची ईएमडी त्यावर पाठवली की ती परत फिरते, मुदत मात्र थांबत नाही. एनईएफटी असेल तर दोन कामकाजाचे दिवस हाताशी ठेवा. शेवटच्या दिवशी नेटबँकिंगच वापरा. परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात येतो, त्यामुळे मेहुण्याच्या खात्यातून भरू नका.

उद्यम नोंदणी आहे, मग ईएमडी माफ ना?

बांधकामाच्या कामात ते गृहीत धरू नका. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचं केंद्राचं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांना लागू आहे, बांधकाम कंत्राटांना नाही. निविदेत स्पष्ट सूट लिहिली असेल तरच घ्या. उद्यमचा दाखला जोडून ईएमडी न भरलेली टेंडरं दर आठवड्याला बाद होतात.

टक्का कसा ठरवायचा?

इथेच काम जिंकलं जातं आणि इथेच बुडतं. शेजारचा १२ टक्के बिलो गेला म्हणून आपण १३, ही पद्धत वर्षभर चालते आणि मग एका कामात सगळं फेडून घेते.

आधी एस्टिमेटची दरसूची कुठल्या वर्षाची ते पाहा. जुन्या राज्य दरसूचीवर (बोलीभाषेत अजून डीएसआर) तयार झालेलं एस्टिमेट आज बाजारात आलं तर सिमेंट, सळई, डांबराचे दर मागचे असतात. मग परिशिष्ट ब मधल्या सर्वांत मोठ्या सात-आठ बाबी वेगळ्या काढा. एकूण रकमेतला सिंहाचा वाटा त्यांचाच असतो. या बाबींचं स्वतःचं दरविश्लेषण करा: साहित्य, मजुरी, यंत्र, डिझेल, वाहतूक. उरलेल्या चाळीस किरकोळ बाबी सरकारी दराने धरल्या तरी चालतं.

रस्त्याच्या कामात खरी मेख वाहतुकीच्या अंतरात, म्हणजे लीडमध्ये असते. एस्टिमेटमध्ये खडीची खाण २२ किलोमीटर धरलेली, आणि प्रत्यक्षात ती खाण बंद असून चालू क्रशर ४० किलोमीटरवर. लीडचा तक्ता कार्यालयात मागून बघा आणि गाडी घेऊन त्या खाणीपर्यंत जाऊन या. पावसाळ्यात तो रस्ता चालतो का, हेही तिथेच कळेल.

आता रॉयल्टी (गौण खनिजावरचं सरकारी शुल्क). समजा दाबलेला खडीचा थर ६०० घनमीटर आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सरळ भागाकाराने २१२ ब्रास. पण दाबलेल्या मापाला सैल माल साधारण सव्वापट लागतो, म्हणजे ७५० घनमीटर, २६५ ब्रास. जुलै २०२१ पासूनच्या ६०० रुपये ब्रास दराने फरक पडतो ५३ ब्रासचा, ३१,८०० रुपये. रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा हिस्सा वेगळा. आणि क्रशरवाल्याने वाहतूक पास दिले नाहीत तर तुम्ही त्याला रॉयल्टीसकट पैसे मोजलेले असूनही खातं बिलातून पुन्हा कापतं. म्हणून क्रशरवाल्याशी दर ठरवताना पहिला प्रश्न: पास देणार की नाही?

शेवटी जीएसटी. सरकारी बांधकाम कंत्राटावर १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के आहे. दर जीएसटी वगळून मागितलेत की धरून, हे वाचल्याशिवाय आकडा टाकू नका. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा त्याआधीचं दरविश्लेषण तसंच पुढे वापरलं तर तुमचा दर उगाच चढा निघेल.

फार बिलो गेलं तर काय होतं? काम तर मिळतं ना?

मिळतं, पण अतिरिक्त अनामत भरावी लागते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत सर्रास दिसणारी अट अशी: १० टक्क्यांपर्यंत कमी दर असेल तर निविदा रकमेच्या १ टक्का, त्यापुढे १५ पर्यंत दर टक्क्याला आणखी १ टक्का, १५ च्या पुढे दर टक्क्याला २ टक्के.

८० लाखांच्या कामावर हे मांडून पाहा. १४ टक्के बिलो: १ + ४ = ५ टक्के, म्हणजे ४ लाख. १९ टक्के बिलो: १ + ५ + ८ = १४ टक्के, म्हणजे ११ लाख २० हजार. पाच टक्के जास्त खाली गेल्याने कामाची किंमत ४ लाखांनी घटली आणि अडकणारे पैसे ७ लाख २० हजारांनी वाढले. दिलेल्या दिवसांत ही रक्कम भरली नाही तर ईएमडी जाते.

बीओक्यूची (दर भरायची एक्सेल) फाइल भरताना काय सांभाळायचं?

फाइलचं नाव बदलू नका. एक्सेलमध्ये मॅक्रो चालू करा. रंगवलेल्या खान्यांतच लिहा. टक्केवारीच्या फाइलमध्ये आधी 'एक्सेस' की 'लेस' निवडावं लागतं, मग आकडा. ८.५ टक्के कमी लिहायचं असताना 'एक्सेस' राहून गेलं की तुम्ही शेवटच्या नंबरवर. उलट चूक त्याहून महाग पडते. म्हणून टक्क्याकडे नव्हे, खाली येणाऱ्या एकूण रकमेकडे आणि अक्षरी रकमेकडे पाहून खात्री करा.

सगळं चढवल्यावर 'फ्रीज बिड' दाबलं नाही तर टेंडर भरलेलंच नाही. दाबल्यावर बिड क्रमांकाची पावती मिळते, ती छापा. मुदत संपेपर्यंत दर बदलून पुन्हा भरता येतं, पण एकदा 'विड्रॉ' केलं की त्या निविदेत परत येता येत नाही. या दोन बटणांतला फरक न कळल्याने चांगली कामे गेली आहेत. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची, तुमच्या भिंतीवरच्या नव्हे.

एल-वन (सर्वांत कमी दराचा) आलो. आता?

पहिल्या मागणीत तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर बहुधा फेरनिविदा निघते, तेव्हा पेढे थांबवा. ते नसेल तर स्वीकृतीचं पत्र येतं. ठरलेल्या दिवसांत सुरक्षा अनामत भरायची (बहुधा निम्मी करारावेळी, निम्मी बिलातून कापून), करार करायचा, मग कार्यारंभ आदेश. मुदत त्या आदेशाच्या तारखेपासून मोजतात. कंत्राटदाराने विमा राज्याच्या विमा संचालनालयातून घ्यायचा असतो. खासगी कंपनीची पॉलिसी आणली तर ती नाकारतात आणि हप्त्याची रक्कम बिलातून कापतात.

आदेश मिळताच जागा ताब्यात आहे का ते बघा. अतिक्रमण, विजेचे खांब, पाण्याची पाइपलाइन, झाडतोडीची परवानगी यांतलं काहीही अडलं असेल तर पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. आवक-जावक शिक्का नसलेलं पत्र पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

मोजमापात पैसे कुठे गळतात?

झाकल्या जाणाऱ्या कामात. पाया खोदाई, खालचं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), सळई यांची नोंद एमबीत (मोजमाप पुस्तकात) झाल्याशिवाय पुढचा थर टाकू नका. ई-एमबी असो की कागदी, नियम तोच. फोटोत टेप दिसायला हवा.

सळईचं वजन काट्यावरचं धरत नाहीत. लांबी गुणिले व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र चालतं: १२ मिलिमीटरला मीटरमागे ०.८८९ किलो, १६ ला १.५८. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही वजनावर विकत घेता आणि खात्याला लांबीवर विकता. जाड रोलिंगची सळई आली की फरक तुमच्या खिशातून जातो. दुकानदाराकडून ट्रक उतरवताना दहा सळ्या मोजून आणि तोलून बघा.

काँक्रीटचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) तर ठरलेलेच. आयएस ४५६ प्रमाणे ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, ५० पर्यंत चार आणि पुढे दर ५० ला एक. एका नमुन्यात तीन क्यूब. २८ दिवसांचा अहवाल नाही म्हणून बिल थांबतं, आणि त्या वेळी क्यूब नव्याने 'तयार' करता येत नाहीत. डांबराच्या कामात रिफायनरीची मूळ चलनं जपून ठेवा. एकच चलन दोन कामांना जोडलेलं आढळलं की प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

जादा काम सांगितलं. तोंडी आहे. करू का?

लेखी आदेशाशिवाय नको. बी-१ च्या कलम ३८ प्रमाणे एखाद्या बाबीचं परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तर ते निविदेच्याच दराने करावं लागतं. त्यापुढच्या परिमाणाला दरसूचीवरून वेगळा दर निघतो, आणि त्याला वरची मंजुरी लागते. निविदेत नसलेली बाब असेल तर तिचा दर आधी मंजूर करून घ्या. सरपंचांच्या आग्रहाने वाढवलेली २० मीटर गटार खात्याच्या हिशोबात अस्तित्वातच नसते.

मुदतवाढ कधी मागायची?

अडथळा आल्यापासून ३० दिवसांत, लेखी, कलम ६ खाली. मुदत संपल्यावर पावसाचं कारण सांगून उपयोग नाही. कलम २ खाली दिवसाला दंड लागतो आणि तो एस्टिमेटच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. साईटवर अडथळ्यांची वही ठेवा: कोणत्या तारखेला काय अडलं, कधी सुटलं. शाखा अभियंत्याची त्यावर आठवड्याला सही.

बिलातून किती कापून हातात किती येतं?

८० लाखांचं काम, १२ टक्के बिलो: ७०.४० लाख, अधिक १८ टक्के जीएसटी. मालक एकटा असेल तर आयकर १ टक्का (७०,४००, फर्म-कंपनीला २ टक्के), जीएसटी टीडीएस २ टक्के (१,४०,८००), कामगार उपकर १ टक्का (७०,४००), आणि समजा २ टक्के अनामत (१,४०,८००). बेरीज ४,२२,४००. यातला खरा खर्च फक्त उपकर. आयकर विवरणपत्रात वळता होतो, जीएसटी टीडीएस तुमच्या रोख खातेवहीत जमा होतो. पण तो पोर्टलवर स्वीकारावा लागतो, आणि कित्येक कंत्राटदार वर्षानुवर्षं स्वीकारतच नाहीत. उपकर एस्टिमेटमध्ये वेगळा धरलेला आहे का, तेही बघून ठेवा.

बिल पास झालं, पैसे का येत नाहीत?

निधी आलेला नाही. बिल तयार असणं आणि त्या शीर्षाखाली बीम्स (सरकारी निधीवाटपाच्या ऑनलाइन) प्रणालीवर निधी उपलब्ध असणं या दोन वेगळ्या गोष्टी. निधी बरेचदा मार्चअखेर येतो, तोही मागणीच्या काही टक्के, आणि मग सगळ्यांना थोडा थोडा वाटतात. २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटदार संघटना थकबाकीसाठी रस्त्यावर उतरल्या, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. आपल्या हातात एवढंच: चालू बिलं लहान आणि वेळेवर काढा, फेब्रुवारीआधी एमबी पूर्ण करून बिल मागणीच्या यादीत घाला, आणि एकाच शीर्षाची तीन कामे एका वर्षात घेऊ नका.

चुकीने बाद केलं तर दाद कुठे?

पोर्टलवर कारण दिसतं. लिफाफा २ उघडण्याआधी कार्यकारी अभियंत्याला लेखी आक्षेप द्या, प्रत अधीक्षक अभियंत्याला. तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता माहिती अधिकारात मिळतो, पण त्याला वेळ लागतो. शेवटचा मार्ग उच्च न्यायालय. अटी कशा असाव्यात यात न्यायालय सहसा पडत नाही. लिहिलेली अट एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावली, एवढं दाखवता आलं तर ऐकलं जातं. अट मुळातच एखाद्यासाठी बेतलेली वाटत असेल (अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा हॉटमिक्स प्लांट वगैरे) तर निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत घ्या. टेंडर भरून हरल्यावर घेतलेली हरकत रडगाणं ठरते.

टेंडर 'मॅनेज' करायला बोलावतात. जावं का?

नाही. संगनमताने दर ठरवायला स्पर्धा कायदा २००२ खाली बंदी आहे, आणि दंड मोठा असतो. शिवाय पकडलं जाणं सोपं: तिघांचं टेंडर एकाच आयपी पत्त्यावरून, ईएमडी एकाच खात्यातून, शपथपत्रात तीच शुद्धलेखनाची चूक.

शेजारच्या राज्यात भरता येईल का?

येतं. कर्नाटकचं पोर्टल केपीपीपी, गुजरातचं एनप्रोक्युअर, गोव्याचं स्वतंत्र. त्या त्या राज्याची कंत्राटदार नोंदणी आणि काम घेतल्यावर तिथली जीएसटी नोंदणी लागते. दरसूची पूर्ण वेगळी असते, त्यामुळे इथला टक्का तिथे लावू नका.

अनामत परत कधी मिळते?

दोष दायित्व कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष तुम्हीच दुरुस्त करायचे तो काळ) संपल्यावर. कालावधी कामाच्या प्रकारावर ठरतो आणि तो अंतिम बिलापासून नव्हे, बहुधा काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणून पूर्णत्वाचा दाखला ताबडतोब काढा. या काळात खड्डा पडला की नोटीस येते. दुर्लक्ष केलंत तर खातं दुसऱ्याकडून बुजवून घेतं आणि खर्च अनामतीतून वळवतं, तोही तुम्हाला पडला असता त्याच्या दुपटीने. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर रस्त्यावरून एक चक्कर मारून तारखेसह फोटो काढून ठेवा.

कालावधी संपला की अर्ज करावा लागतो, आपोआप काही मिळत नाही. सोबत पूर्णत्वाचा दाखला, अंतिम बिलाची प्रत, रॉयल्टीचा हिशोब. अनामत मुदत ठेवीत दिली असेल तर पावती कार्यकारी अभियंत्याच्या पदनामाने तारण हवी, व्यक्तीच्या नावाने नको. तोवर तीन अभियंते बदललेले असतात आणि बँक नावातल्या माणसाची सही मागत बसते. ठेवीची मुदत दायित्व कालावधीपेक्षा तीन महिने जास्त ठेवा. मध्येच संपली तर नूतनीकरणासाठी मूळ पावती कार्यालयातून सोडवून आणावी लागते, आणि ती कुठल्या कपाटात आहे हे सांगणारा कारकून तेव्हा हमखास रजेवर असतो.